कळकलेली पत्ती

आवाज तुटला तो नेमका पावरीच्या जागी.

धुळ्यात आमच्या बँडच्या गाडीवर तालीम चालली होती. दुसऱ्या दिवशी सीझनमधली पहिली मोठी हळद. ढोल लागला, ताशा लागला, मी सिंथवर पावरी धरली आणि भोंग्यातून आधी खरखर आली, मग भुणभुण, मग काहीच नाही. मी हात मागे घालून वायरची पिन अंगठ्यानं दाबली. आवाज आला. अंगठा काढला, गेला. मग एका हातानं पिन दाबायची आणि एका हातानं वाजवायचं, असं एक गाणं रेटलं. पुढच्या गाण्याला दाबूनही येईना.

सिंथ म्हणजे बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्यांचं, विजेवर चालणारं यंत्र. माझं जुनं आहे, परदेशी, एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेलं. आणि पावरी म्हणजे पिंपळनेरकडच्या डोंगरातलं भोपळ्याचं वाद्य, फुंकून वाजवतात. आमच्याकडे लग्नात पावरीशिवाय लोकांचे पाय हलत नाहीत. खरी पावरी फुंकणारा दर वेळी कुठून आणणार, म्हणून बँडमध्ये ती सिंथवर वाजवतात. माझ्या सिंथमधली पावरी मी स्वतः बनवली आहे. पिंपळनेरच्या एका म्हाताऱ्याला शेजारी बसवलं, तो फुंकत गेला, मी बटनं फिरवत गेलो, त्याची आणि माझी एक होईपर्यंत. माझं शिक्षण चौथी. बटनांवर काय छापलंय ते मला आजही वाचता येत नाही. कानानं केलं. त्या पावरीमुळे गाडीवरची पुढची, उंचावरची जागा माझी.

बँड माझ्या मेव्हण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. सगळे त्याला मास्तर म्हणतात. आम्ही आपसांत अहिराणीच बोलतो, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून इथं बरंचसं साधं करून लिहितो.

तो गाडीजवळ आला, मान वर करून म्हणाला, "दाजी, उद्या हळद शे."

"माहीत आहे मला."

"नाचता नाचता आवाज गया ना, त लोके आपलेच नाचाडतीन."

ढोलवाले हसले. मी हसलो नाही.

मग तो जरा जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "साक्रीवाल्याला सांगून ठेवतो. नवीन कीबोर्ड आहे त्याच्याकडे. पेनड्राईव्हमध्ये पावरी आहे."

"पेनड्राईव्हमधल्या पावरीला दम लागत नाही. खऱ्या पावरीवाल्याला मध्येच दम घ्यावा लागतो. माझ्या पावरीत तो आहे."

"दाजी, लोक पिऊन नाचतात. दम कोण ऐकतं?"

"तू ऐकत होतास."

तो पिनेकडे बघत उभा राहिला. "उद्या संध्याकाळपर्यंत नीट झालं तर बसा. नाहीतर या सीझनला तो बसेल. मला धंदा बघायला लागतो."

या सीझनला म्हणजे कायमचा. बँडमध्ये एकदा जागेवर दुसरा बसला की उठत नाही, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत बघितलेलं आहे. मीही असाच एकाच्या जागी बसलो होतो.

बायकोला बहीण-भावंडं बरीच, पण हा हिच्या कडेवर वाढलेला. ही पावसाळ्यात गेली. आमच्यात घरात मयत झाली की वाद्य झाकून ठेवतात, कोणी हात लावत नाही. दुखवटा सोडवायला बायकोच्या माहेरच्यांनी यायचं असतं. तो आला, माझ्या डोक्यावर टोपी घातली, म्हणाला, "सीझन लागला, बसा गाडीवर." तेवढंच. रडला नाही, बसला नाही, चहा अर्धा टाकून गेला. तेव्हापासून मला वाटत होतं की बहीण होती तोवर मी दाजी होतो. आता मी बँडमधला एक म्हातारा, आणि तोही खरखरणारा. सकाळ कशीही जाते. भाकरी टाकतो, करपवतो, खातो. संध्याकाळी मात्र मला त्या घरात बसवत नाही. गाडीवरची जागा गेली तर संध्याकाळी जायचं कुठं, हा माझा प्रश्न होता. दुसरा काही नव्हता.

तालीम मोडल्यावर सिंथ गोधडीत गुंडाळून धुळ्यातल्याच मेकॅनिककडे नेला. त्यानं मागून बघितलं, पिन घालून हलवली.

"आबा, जॅक गेला."

जॅक म्हणजे सिंथच्या मागचं भोक, ज्यात वायरची पिन बसते आणि आवाज बाहेर जातो. माझ्या सिंथला असे दोन आहेत, डावा आणि उजवा. आम्ही वापरतो तो डावा. उजवा एकटा लावला तर अर्धाच आवाज येतो.

"बदल मग."

"हा बोर्डावरचा जॅक आहे. असला आता येत नाही. उपटून टाकतो आणि थेट वायर बाहेर काढतो." असं म्हणत त्यानं भांड्यांना कल्हई करायला शोभेल अशी, कथलाचा डाग द्यायची जाड इस्त्री उचलली.

मी त्याचा हात धरला. या जुन्या यंत्रात आत एक शर्टाच्या गुंडीएवढा सेल असतो. त्याच्या जोरावर बनवलेले टोन, म्हणजे वाद्यांचे आवाज, जिवंत राहतात. डाग देताना चुकीच्या जागी करंट गेला की सगळं पुसलं जातं, पाटी कोरी. माझ्या पावरीची दुसरी प्रत कुठंच नाही. पुन्हा बनवायची म्हटलं तर तो पिंपळनेरचा म्हातारा नाही, आणि माझा डावा कान आता निम्माच ऐकतो.

"सेलचं काय?" मी विचारलं.

"गेला तर नवीन टाकू."

"आणि आतले टोन?"

"ते तुमचं नशीब."

मी गोधडी पुन्हा बांधायला घेतली. तो चिडला नाही. म्हणाला, "जळगावला एक चाचा आहेत, जुन्या रेडिओचे. ते करतील तर करतील. पण आबा, उद्याच्या उद्या होणार नाही."

जळगाव म्हटल्यावर माझे हात थांबले. ही जळगावच्या दवाखान्यातच वारली. तिला गाडीत घालून धुळ्याकडे निघालो तेव्हा मागे वळून त्या गावाला एक शिवी दिली होती आणि म्हटलं होतं, परत पाय ठेवणार नाही. ठेवला नव्हताही. मेकॅनिकला यातलं काही सांगितलं नाही. पत्ता विचारून घेतला.

सकाळच्या एसटीत मी शेवटच्या बाकावर सिंथ मांडीवर आडवा घेऊन बसलो. कंडक्टर आला, गोधडी चाचपून म्हणाला, "आबा, काय पाळणा का?"

"पाळणाच समज."

"पोर कुठंय?"

"पोर आजारी आहे. डॉक्टरकडे नेतोय."

त्यानं लगेजचं तिकीट फाडलं ते फाडलंच. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी खड्ड्यात आपटली की मी सिंथ मांडीवरून वर उचलून धरायचो. पट्ट्यांना धक्का बसला तर चालतो, मला त्या आतल्या सेलची धास्ती.

जळगाव स्टँडवर रिक्षा केली. रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव घेऊन म्हटलं, त्या रस्त्यानं नको. तो म्हणाला, "बाबा, दुसरा रस्ता खोदून ठेवलाय." मग त्याच रस्त्यानं गेलो. दवाखाना आला तेव्हा मी गोधडीचे टाके बघत बसलो. गोधडी हिनंच शिवलेली, त्यामुळे त्यानंही काही सोय झाली नाही.

चाचांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका अत्तराच्या आणि एका कुलपांच्या दुकानाच्या मध्ये. दुकान कसलं, लांबट बोळकांडी. भिंतीला रेडिओ, टेपरेकॉर्डर, मशिदीचे भोंगे, सगळं एकावर एक. चाचा माझ्याच वयाचे. चष्मा दोरीनं बांधलेला.

मी गोधडी सोडली. त्यांनी सिंथवरून हात फिरवला.

"अरे वा. म्हातारा झाला हा."

"आपण कुठं तरणे आहोत."

"कधी पाहिजे?"

"आज. संध्याकाळी धुळ्याला हळद आहे."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "लग्न तुमचं आहे का?"

"चाचा, मस्करी नको. आज वाजला नाही तर माझी जागा गेली."

"बसा," ते म्हणाले, आणि हातातलं दुसऱ्याचं काम बाजूला ठेवलं. "सेलवाला आहे ना हा? टोन आहेत आत?"

"एकच कामाचा आहे. पण त्याच्यावरच सगळं आहे."

सिंथ पालथा केला. स्क्रू इतके की मोजायचा कंटाळा यावा. काही गंजलेले, त्यांच्यावर तेल सोडून वाट बघावी लागली. मी दुकानातल्या घड्याळाकडे बघत होतो. चाचा म्हणाले, "घड्याळ बंद आहे, बघू नका." खालचा पत्रा निघाला. आतली रुंद पट्टीची वायर कडक झाली होती, वाकवली असती तर पापडासारखी मोडली असती. चाचांनी ती न वाकवता, नुसती वाफ दिल्यासारखं तोंडानं हळूहळू फुंकत, चिमट्यानं सोडवली. सेल मधोमध होता. चाचांनी त्याच्यावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला आणि मला म्हणाले, "हा धरा. काही झालं तरी सोडू नका."

मग त्यांनी मागचा छोटा बोर्ड बाहेर ओढला, ज्यावर दोन्ही जॅक बसवलेले. दिव्याखाली धरला. बघतच राहिले.

"भाई," ते म्हणाले, "हे मशीन आहे का मंदिर?"

मी वाकून बघितलं. जॅकच्या तोंडापासून आतपर्यंत लाल-पिवळा थर. ओला होऊन सुकलेला, पुन्हा ओला होऊन सुकलेला, भिंतीच्या रंगाला पापुद्रे येतात तसा. हळद-कुंकू. त्याच्या खाली पितळेची जी पत्ती पिनेला धरून ठेवते, ती हिरवी कळकलेली. डाव्या जॅकची पत्ती तर मुळाशी खाल्ली गेली होती. चाचांनी चिमट्यानं नुसतं टोचलं आणि ती तुटून पडली.

मला कळायला वेळ लागला नाही. खंडेनवमीला लोक हत्यारांची पूजा करतात, आम्ही वाद्यांची करतो. पूजा बायको करायची. ढोलाला, ताशाला गंध लावायची. सिंथ घेतल्यावर मी तिला दम दिला होता की पट्ट्यांना ओला हात लावायचा नाही. तिनं पट्ट्यांना कधी लावला नाही. घरात जागा नाही म्हणून सिंथ भिंतीला उभा असायचा, पाठ पुढे करून. ती पाठीला लावायची. वायर इथून जाते, भोंगा वाजतो, म्हणजे आवाज इथून निघतो, तर देवाचं तोंड हेच, असं तिनं धरलं असणार. दोन्ही भोकांत बोटानं हळद, बोटानं कुंकू, वरून फुलानं पाणी. दर वर्षी. मला कुंकू दिसायचं ते बाहेरच्या पत्र्यावरचं. ते मी पुसायचो. आत कोण बघतो?

"गाढव बाई," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

"कोणाला बोलता?"

"बायकोला. तिनं केलंय हे."

"घरी जाऊन भांडा. इथं ती थोडीच ऐकते."

"घरीही ऐकत नाही. पावसाळ्यात गेली. इथंच, तुमच्या गावात."

चाचांनी उठून डोक्यावरचा पंखा बंद केला. बसताना म्हणाले, "हे उडून बाकी रेडिओंवर बसतं." मग दाताच्या डॉक्टरकडे असते तशी एक बारीक सळई आणि जुना ब्रश माझ्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"काढा तुम्ही. मी नाही काढणार. पूजेचं आहे. मी डाग देतो, पत्ती बसवतो, बाकी सगळं करतो. हे तुम्ही काढा."

"चाचा, मला वेळ नाही."

"म्हणून तर म्हणतो, लवकर काढा."

पुठ्ठा त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि स्वतः सेलवर धरून बसले. मी खरवडायला लागलो. दिसायला माती, पण चिवट. सळईनं सोलायचं, ब्रशनं झाडायचं, थिनरचा बोळा फिरवायचा. थिनर लागलं की सगळं ओलं लाल व्हायचं आणि बोटांना लागायचं. मला राग येत होता. इतका राग मला ती गेल्यापासून आला नव्हता. जिवंत असती तर असा आरडाओरडा केला असता की गल्ली गोळा झाली असती. तिनंही ऐकून घेतलं नसतं. म्हणाली असती, तुमच्या यंत्राला पूजा सोसत नाही तर ते घरात आणलं कशाला? मी खरवडत होतो आणि तोंडानं बडबडत होतो. काय बडबडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. चाचांनी एकदाही मान वर केली नाही.

उजवा जॅक साफ केल्यावर चांगला निघाला, त्याची पत्ती धड होती. डावा फेकायचाच होता. चाचांनी एक डबा ओतला, त्यात भंगारातले जॅक. एकाचे पाय जाड, एकाचं तोंड लहान. शेवटी लाउडस्पीकरवाल्याच्या एका जुन्या मिक्सरमधला त्यातल्या त्यात जवळचा निघाला. पाय बोर्डाच्या भोकांत बसेनात, म्हणून पायांना तारेचे बारके तुकडे जोडायचं ठरलं.

आता डाग द्यायचा होता. चाचांनी लहान इस्त्री तापवली आणि तापल्यावर तिची पिन भिंतीतून काढून टाकली.

"विजेसकट टेकवली तर तुमचा टोन गेला समजा," ते म्हणाले. "अशी गरम आहे तोवर टेकवायची. थंड झाली की पुन्हा तापवायची."

त्याला वेळ लागतो. तापव, काढ, राळेत बुडव, कथील लाव, टेकव. एक पाय होईपर्यंत इस्त्री थंड. पुन्हा तापव. राळेचा धूर डोळ्यात जायचा. माझ्या खिशातला फोन वाजला, मेव्हण्याचा. मी घेतला नाही. हात हलला असता. पुन्हा वाजला. चाचा म्हणाले, "घ्या ना, मालकाचा असेल." मी म्हणालो, "मालक नाही, साला आहे."

सगळं जोडलं. पत्रा न लावताच चाचांनी भोंग्याची वायर घातली आणि सिंथ चालू केला. समोरच्या छोट्या पडद्यावर अक्षरांच्या जागी काळे चौकोन आले.

चाचा बघत राहिले. मी पण.

"गेला का?" मी विचारलं.

"थांबा. म्हातारा आहे, उठायला वेळ लागतो."

चौकोन गेले, अक्षरं आली. मला ती वाचता येत नाहीत, पण पावरीची अक्षरं कशी दिसतात ते मला पाठ आहे. बटनं दाबत तिथपर्यंत गेलो. होती. पट्टीवर बोट ठेवलं.

"आवाज उना!" मी ओरडलो.

चाचांनी नव्या जॅकमधली पिन धरून हलवली, वर, खाली, गोल. आवाज हलला नाही. कुलपांच्या दुकानातला माणूस डोकावून म्हणाला, "चाचा, वरात कोणाची?" चाचा म्हणाले, "यांची." मग मला म्हणाले, "आता स्क्रू आवळा आणि पळा. आणि पिनेला दोरी बांधत होतात ना तुम्ही गाडीवर? मागच्या पत्र्यावर खूण पडलीय. दोरी पिनेला नाही बांधायची, वायरला बांधायची."

परतीच्या एसटीत मेव्हण्याचा फोन घेतला.

"कुठं आहात?"

"एरंडोल."

"झालं का?"

"झालं."

"बरं." मग म्हणाला, "साक्रीवाला येऊन बसलाय."

पारोळ्याच्या अलीकडे एकीकडचा रस्ता बंद, ट्रकांची रांग. आमची गाडी रांगेत उभी राहिली ती राहिलीच. लोक उतरले, शेंगदाणे घेतले, पुन्हा चढले. मी उतरलो नाही. उन्हं कलत होती. ड्रायव्हरला जाऊन म्हणालो, "बाबा, जरा हाण." तो म्हणाला, "कोणावरून हाणू? तुम्हीच सांगा."

धुळ्याला पोचलो तेव्हा मिरवणूक निघालेली होती. रिक्षात सिंथ आडवा, त्याचं एक टोक बाहेर, असा मी ढोलाच्या आवाजाच्या रोखानं गेलो. गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली. दिवे लागलेले, बाया हळदीच्या साड्यांत, पोरं नाचतायत, आणि माझ्या जागेवर साक्रीवाला. चांगला पस्तिशीचा माणूस, केसांना रंग, गळ्यात साखळी.

मी गोधडी काढली आणि सिंथ वर चढवायला लागलो. मेव्हणा धावत आला.

"दाजी, आता एवढी होऊ द्या. लोक समोर आहेत."

"त्याला उतरव."

"चालू गाडीत कसा उतरवू? आणि बंद पडलं तर? यजमान माझी गचांडी धरेल."

"बंद पडलं तर मी उतरतो. परत चढत नाही. तुला सांगावंही लागणार नाही."

असं म्हणायचं मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग वर बघून साक्रीवाल्याला म्हणाला, "जरा सरक. एक गाणं यांना वाजवू दे." साक्रीवाला सरकला, उतरला नाही. आपला कीबोर्ड उभा करून त्यावर कोपर ठेवून बघत बसला.

मी पिन घातली. दोरी वायरला बांधली, पिनेला नाही. हात ओले होते, शर्टाला पुसले. पावरी सोडली.

बायांनी मागे वळून बघितलं. ढोलवाल्यानं लय बदलली, माझ्या दमाशी दम जुळवला. हे पेनड्राईव्हवर होत नाही. पोरं चेकाळली. माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. माझा सगळा जीव मागच्या त्या भोकात होता. गाडी हलली की मी आतून आकसायचो. गटारीवरच्या फरशीवरून चाक गेलं, धडाड आवाज झाला. पावरी तुटली नाही. एक वळण झालं. गतिरोधक आला, ड्रायव्हरनं गाडी आदळलीच. तुटली नाही.

आणि मग भर चौकात सगळं बंद पडलं.

लोक ओरडले. मेव्हण्यानं आधी माझ्याकडेच बघितलं. साक्रीवाला कोपरावरून उठला. "आबा, उतरता का मग?"

"अरे, वर बघ," मी म्हणालो. "दिवे गेले. तुझा पेनड्राईव्ह तरी वाजतोय का?"

जनरेटर बसला होता. ढोलवाले नुसत्या ढोलावर लोकांना नाचवायला लागले आणि जनरेटरवाला मागे दोरी ओढत, शिव्या देत बसला. मेव्हणा गाडीचा दांडा धरून वर चढला, माझ्या शेजारी. दिवेलागण झाली होती, तोंड नीट दिसत नव्हतं.

"काय व्हयनं व्हतं त्याले?" त्यानं सिंथकडे बोट करून विचारलं.

"हळद-कुंकू."

"काय?"

"तुझी बहीण खंडेनवमीला जॅकमध्ये हळद-कुंकू भरायची. बोटानं. पत्ती खाऊन टाकली त्यानं."

"अक्का?"

"मग कोण? मी?"

तो हसायला लागला. इतका हसला की दांडा धरून वाकला. "अक्कानं मशीनचे कान भरले," म्हणाला, आणि पुन्हा हसला. मलाही हसू आलं, बऱ्याच महिन्यांनी. साक्रीवाला आम्हा दोघांकडे बघत होता, त्याला वाटलं असणार दोघंही प्यायलेत. हसता हसता मेव्हण्याचा आवाज निराळाच झाला. मी तिकडे बघितलं नाही. दांडा हलत होता तेवढं कळत होतं.

मग बाहीनं तोंड पुसून म्हणाला, "ते कुठंय?"

"काय?"

"निघालं ते. हळद-कुंकू."

"झाडून टाकलं. चाचांच्या दुकानात, खाली."

"सगळं?"

"ठेवलं असतं तर वाजलं असतं का?"

"नाही," तो म्हणाला. "तसं नाही. थोडं आणायला पाहिजे होतं."

"काय करणार होतास त्याचं?"

"काही नाही, दाजी."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं ते. मी रागानं खरवडत होतो आणि मनात घाई होती. माझी नखं अजून लाल होती. मी हात पुढे केले, त्याला दाखवले. त्यानं माझी बोटं दिव्याशिवाय बघितली, धरली, सोडली.

मागे जनरेटर एकदा फुरफुरला आणि लागला. दिवे आले. सिंथच्या पडद्यावर काळे चौकोन आले. साक्रीवाला लगेच पुढे वाकला. मी म्हणालो, "थांब. म्हातारा आहे, उठायला वेळ लागतो." चौकोन गेले, अक्षरं आली.

मेव्हण्यानं हात मागे घातला, पिन स्वतः अंगठ्यानं दाबून बघितली. मग हलवून बघितली. मग खाली उडी मारली, साक्रीवाल्याचा कीबोर्ड दोन्ही हातांनी खाली घेतला आणि त्याला म्हणाला, "ये भाऊ, जेवून जा. उपाशी जाऊ नको."

तिथून चालता चालता, ढोलावरून ओरडत, मला म्हणाला, "परवा भडगाव! दुपारी गाडी निघेल, झोपून राहू नका!"

मी हो म्हटलं नाही. हात पट्ट्यांवर होते, आणि लोक खोळंबले होते.